बाबांना चौथ्या स्टेजचा कॅन्सर: उपचार कुठपर्यंत करायचे आणि आराम कधीपासून द्यायचा?

समजा, सीताबर्डीच्या मेन रोडवर आयुष्यभर कपड्यांचं दुकान चालवलेले ७४ वर्षांचे एक बाबा आहेत. तीस वर्षं खर्रा खाल्ला. दोन वर्षांपूर्वी गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन झालं. आता स्कॅनमध्ये फुप्फुसात आणि पाठीच्या मणक्यात गाठी दिसल्या आहेत. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "स्टेज फोर आहे."

मुलगा धंतोलीतल्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा राहून पुण्यातल्या बहिणीला फोन लावतो. ती म्हणते, टाटाला घेऊन जाऊ. मामा म्हणतात, या वयात केमो नको, उगाच हाल होतील. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी काढ्याचा व्हिडिओ टाकतं. आणि आईचं एकच म्हणणं असतं, "यांना काही सांगू नका."

हे कुटुंब काल्पनिक आहे. पण नागपुरात आणि विदर्भात अशी घरं शोधायला फार लांब जावं लागत नाही. अशा वेळी सगळी चर्चा 'उपचार करायचे की सोडून द्यायचे' या दोनच टोकांवर अडकते. खरं तर या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही करण्यासारखं असतं. ते नेमकं काय?

चौथी स्टेज म्हणजे सगळं संपलं का?

कॅन्सर जिथे सुरू झाला तिथून दूरच्या अवयवांत पसरला, की साधारणपणे त्याला चौथी स्टेज म्हणतात. (तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठ त्याच भागात खूप वाढली असेल तरी चौथी स्टेज लिहितात. म्हणून नुसता आकडा ऐकून थांबू नका, "दुसरीकडे पसरलाय का?" हे विचारा.)

दूर पसरलेला कॅन्सर बहुतेक वेळा मुळापासून बरा होत नाही. पण किती काळ आटोक्यात राहील, हे कॅन्सरच्या प्रकारावर अवलंबून असतं. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलेला असतानाही हार्मोनच्या उपचारांवर अनेक जण वर्षानुवर्षं हिंडते-फिरते राहतात. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये ठरावीक जनुकीय बदल सापडला तर रोजच्या गोळीवर आजार दाबून ठेवता येतो. पसरलेल्या तोंडाच्या किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये मात्र हिशोब बहुतेक वेळा महिन्यांचा असतो. त्यामुळे शेजारच्या काकूंना केमोने बरं वाटलं, यावरून आपल्या बाबांबद्दल काहीच ठरत नाही.

डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: या उपचाराचा उद्देश काय आहे? आजार बरा करणं, आयुष्य वाढवणं, की त्रास कमी करणं? फाइलमध्ये अनेकदा 'पॅलिएटिव्ह केमोथेरपी' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. घरच्यांच्या डोक्यात मात्र 'केमो चालू आहे म्हणजे बरे होणार' असंच असतं. या गैरसमजात कुटुंबं कर्ज काढतात, शेती विकतात. म्हणून पुढचे प्रश्नही तिथेच विचारावेत. उपचार घेतला तर साधारण किती फायदा, नाही घेतला तर काय होईल, किती वेळा दवाखान्यात यावं लागेल आणि फायदा होत नाहीये हे आपल्याला कधी कळेल?

वय ७४ आहे, केमो झेपेल का?

नुसतं वय पाहून हो किंवा नाही म्हणणं, दोन्ही चूक. डॉक्टर पाहतात ते रुग्णाची रोजची ताकद. त्यासाठी ० ते ४ अशी एक साधी मोजपट्टी जगभर वापरतात. ० म्हणजे आजारापूर्वीसारखाच चालता-फिरता माणूस. १ म्हणजे जड काम जमत नाही, पण हलकी कामं होतात. २ म्हणजे स्वतःचं सगळं करतो, पण काम जमत नाही, तरी दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ उठून असतो. ३ म्हणजे जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत. ४ म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. रुग्ण ३ किंवा ४ वर असेल तर नेहमीच्या केमोचा फायदा कमी आणि त्रासच जास्त होण्याची शक्यता असते. अपवाद आहेत, पण ते डॉक्टरांनी समजावून सांगायला हवेत.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी बारकाईने पाहिलं तर फरक पडतो. अमेरिकेत ७० वर्षांवरच्या ७१८ कॅन्सर रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या डॉक्टरांना रुग्णाची स्मरणशक्ती, चाल, पडण्याचा धोका, इतर औषधं, घरचा आधार यांची तपासणी करून त्यावरचा सल्ला दिला होता, त्यांच्या रुग्णांपैकी ५१ टक्क्यांना उपचाराचे गंभीर दुष्परिणाम झाले. जिथे असा सल्ला दिला नव्हता, तिथे हे प्रमाण ७१ टक्के होतं. जगण्याच्या काळात मात्र ठळक फरक पडला नाही. म्हणजे डोस जरा जपून दिला म्हणून आयुष्य कमी झालं नाही.

तेव्हा बाबांना तपासायला नेताना बीपी-शुगरच्या गोळ्यांची पूर्ण पिशवी सोबत न्या. ते गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडले, वजन किती उतरलं, जेवण किती होतं, हे न विचारताही सांगा.

मधले पर्याय कोणते?

आपल्या गोष्टीतल्या बाबांसारख्या रुग्णांसाठी महत्त्वाचं संशोधन मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं आहे. डोकं आणि मानेच्या भागातला कॅन्सर पसरलेल्या ४२२ रुग्णांवरच्या चाचणीत एका गटाला दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून सिस्प्लॅटिन दिलं. दुसऱ्या गटाला घरी घ्यायच्या, स्वस्त गोळ्या दिल्या: मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब. याला 'ओरल मेट्रोनॉमिक' उपचार म्हणतात, म्हणजे कमी डोस, पण नियमित. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात गोळ्यांच्या गटातले रुग्ण मध्यमानाने ७.५ महिने जगले, सलाइनच्या गटातले ६.१ महिने. गंभीर दुष्परिणाम गोळ्यांच्या गटात १९ टक्के, सलाइनच्या गटात ३० टक्के.

इम्युनोथेरपीचं नाव ऐकलं की घरात आशा आणि खर्चाची धास्ती एकदमच येते. टाटामधल्याच आणखी एका चाचणीत मेट्रोनॉमिक गोळ्यांसोबत निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलिग्रॅम दिलं. हा नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी डोस होता. एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास २०२२ चा. पण या चाचण्यांमधले रुग्ण बऱ्यापैकी हिंडते-फिरते होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हेच आकडे लागू होतील, असं समजू नये. तरीही "कमी डोसचा पर्याय आमच्या बाबांना चालेल का?" हे विचारायला काहीच हरकत नाही.

रेडिएशनबद्दलही गैरसमज असतो. रेडिएशन म्हणजे दीड-दोन महिन्यांच्या फेऱ्या, असं वाटतं. पण हाडात पसरलेल्या कॅन्सरचं दुखणं कमी करायला अनेकदा रेडिएशनचा एकच मोठा डोस दिला जातो. दुखणं कमी होण्याच्या बाबतीत तो बऱ्याच दिवसांच्या छोट्या डोसांइतकाच उपयोगी पडतो, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. फक्त पुढे पुन्हा रेडिएशन लागण्याची शक्यता थोडी जास्त असते. बालाघाट किंवा गडचिरोलीहून म्हाताऱ्या माणसाला घेऊन नागपूरला येणाऱ्या कुटुंबासाठी एक फेरी आणि दहा फेऱ्या यांत फार मोठा फरक आहे.

मणक्यात कॅन्सर असेल तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. पाठ अचानक जास्त दुखू लागली, पायांतली ताकद गेली, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका. मज्जारज्जूवर दाब आल्याचं ते लक्षण असू शकतं. त्याच दिवशी उपचार झाला तर पाय वाचू शकतात, उशीर झाला तर गेलेली ताकद बहुतेक वेळा परत येत नाही. तसंच केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर घरी क्रोसिन देऊन थांबायचं नाही, थेट दवाखान्यात जायचं.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात टेकणं?

या शब्दाने घरचे दचकतात. 'डॉक्टरांनी जवाब दिला' असा त्याचा अर्थ लावतात. प्रत्यक्षात पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं, धाप, मळमळ, झोप, भीती, घरच्यांची ओढाताण, या सगळ्यांवरचा उपचार. तो केमोसोबतही चालतो.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह केअरही सुरू केली, त्यांचं रोजचं जगणं जास्त बरं होतं, उदासी कमी होती. शेवटच्या काळात त्यांनी आक्रमक उपचार कमी घेतले. आणि तरीही ते मध्यमानाने ११.६ महिने जगले, दुसऱ्या गटातले ८.९ महिने.

त्यामुळे ही भेट शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही. चौथी स्टेज कळली त्याच महिन्यात ती व्हायला हवी.

मॉर्फिनची भीती किती खरी?

कॅन्सरचं दुखणं सहन करायचं असतं, हा समज अजून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच त्यासाठी पायऱ्यांची पद्धत सांगितली: आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मग मधली, आणि तीव्र दुखण्याला मॉर्फिन. शक्यतो तोंडाने आणि घड्याळ लावून. इथेच घराघरांत चूक होते. "फारच दुखलं तर गोळी देऊ" असं म्हणून थांबलं, की दुखणं डोक्यावर चढतं आणि मग आटोक्यात यायला वेळ लागतो. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून पुढची गोळी दुखण्याची वाट न पाहता द्यायची असते.

व्यसन लागेल का? डॉक्टरांच्या देखरेखीत कॅन्सरच्या दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं दुर्मीळ आहे. डोस वाढतो तो बहुतेक वेळा आजार वाढल्यामुळे. मरण लवकर येईल का? योग्य डोस हळूहळू वाढवत नेला तर नाही. सुरुवातीचे काही दिवस झोप आणि मळमळ होते, ती बहुधा ओसरते. जी ओसरत नाही ती बद्धकोष्ठता. म्हणून मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच. किडनी कमजोर असेल तर डॉक्टर डोस बदलतात. मेडिकल स्टोअरमधून डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आणून मनाने देत राहणं ज्येष्ठांच्या किडनीला आणि पोटाला जास्त धोक्याचं ठरू शकतं.

मग मॉर्फिन कोपऱ्यावरच्या दुकानात का मिळत नाही? कारण १९८५ चा एनडीपीएस कायदा. शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, तरी कायद्याच्या जाचक परवान्यांमुळे देशातलेच रुग्ण वर्षानुवर्षं मॉर्फिनविना तळमळत राहिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिलसारखी सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. त्यामुळे मॉर्फिन अशा संस्थेतून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. रुग्णालय निवडताना "तुमच्याकडे तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळतं का?" हे मशीनच्या चौकशीइतक्याच गंभीरपणे विचारा.

घरी काय करता येतं?

खूप काही, आणि त्यातलं बरंच स्वस्तातलं. धाप लागली तर खिडकी उघडा, पाठीला उशा द्या, चेहऱ्यावर छोट्या पंख्याची हवा येऊ द्या. ऑक्सिजन पातळी नीट असलेल्या रुग्णाला या हवेनेही बरं वाटतं. तोंडाच्या किंवा छातीच्या जखमेला वास येत असेल तर ती झाकून ठेवून माणसाला वेगळ्या खोलीत टाकू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर वापरतात, त्याने वास बराच कमी होतो. तोंडाच्या जखमेतून रक्त येण्याचा धोका असेल तर गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवावेत, म्हणजे रक्त पाहून रुग्ण आणि घरचे कमी घाबरतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी. हवेची गादी भाड्याने मिळते.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती जेवणावरून. "दोन घास खा ना, नाहीतर ताकद कुठून येणार?" हे प्रेमाने म्हटलं जातं, पण वाढलेल्या कॅन्सरमध्ये शरीर अन्न नीट वापरू शकत नाही. भूक मेल्यामुळे आजार वाढत नसतो, आजार वाढल्यामुळे भूक मरते. वाटीभर पेज, दोन चमचे आइस्क्रीम, जे मागतील ते, जेव्हा मागतील तेव्हा द्यावं. नाकातल्या नळीबद्दल सरसकट उत्तर नाही. गालाच्या गाठीमुळे गिळता येत नाही, पण माणूस भुकेला आणि हिंडता-फिरता आहे, तर नळी उपयोगी पडते. शेवटच्या दिवसांत मात्र नळी आणि सलाइनने बहुधा सूज आणि घरघर वाढते. तेव्हा ओल्या कापसाने ओठ-तोंड ओलं ठेवणं जास्त सुखाचं.

आणि सांभाळणारा माणूस? बहुतेक घरांत ती एकच बाई असते, सून, मुलगी किंवा स्वतः साठी-सत्तरीतली आई. बाकीचे फोनवरून सल्ले देतात. पुण्यातल्या बहिणीने सल्ल्याऐवजी महिन्यातला एक आठवडा दिला तर त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

"यांना काही सांगू नका"

यामागे प्रेम असतं, यात शंका नाही. पण फेऱ्या, गोळ्या, उतरलेली चेहऱ्यांची कळा, यातून रुग्णाला बहुतेक वेळा कळलेलंच असतं. मग बाबा आईला त्रास नको म्हणून गप्प, आई बाबांना त्रास नको म्हणून गप्प. दुकान कुणाच्या नावे, कुणाचे पैसे द्यायचेत, कुणाला एकदा भेटायचंय, हे सगळं राहून जातं.

कायदाही स्पष्ट आहे. २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाच्या उपचारांना संमती त्या रुग्णाचीच हवी. नातेवाइकांची सही तिची जागा घेऊ शकत नाही. पण सांगायचं म्हणजे एकदम आकडा तोंडावर फेकायचा नाही. "बाबा, तुम्हाला काय वाटतंय तब्येतीबद्दल? रिपोर्टमध्ये काय आलंय ते तुम्हाला ऐकायचंय, की डॉक्टरांनी माझ्याशी बोलावं?" एवढं विचारलं तरी पुरतं. काही जण म्हणतील, तूच बघ. तो त्यांचा निर्णय झाला.

नागपुरात कुठे जायचं आणि पैशाचं काय?

बर्डीपासून तुकडोजी पुतळ्याजवळचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलं 'मेडिकल', ही दोन्ही शहरातच आहेत. एम्स मिहानमध्ये आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट जामठ्याला. या दोन्हींसाठी सीताबर्डी इंटरचेंजवरून ऑरेंज लाइनने खापरीपर्यंत जाऊन पुढे ऑटो किंवा बस घ्यावी लागते. फक्त त्रास कमी करण्यासाठी आणि सेवेसाठी 'स्नेहांचल' ही संस्थाही नागपुरात काम करते. टाटाचा दुसरा सल्ला हवाच असेल तर आधी रिपोर्ट आणि बायोप्सीच्या स्लाइड्स पाठवून काही वेगळं करण्यासारखं आहे का, ते बघा. खाटेवरच्या माणसाला आठशेहून जास्त किलोमीटर नेण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, रेशन कार्डाचा रंग कोणताही असो. हेल्पलाइन १५५३८८. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, आधी त्यांना भेटा. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ही योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिला उत्पन्नाची अट नाही. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसालाही सवलत मिळते. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. पण डायपर, भाड्याचा बेड, घरी येणाऱ्या आयाबाईंचा पगार हे या विमा योजनांत बसत नाही. शेवटच्या महिन्यांत खरा खर्च तिथेच होतो, त्यामुळे सगळी पुंजी केमोवर संपवू नका.

शेवट घरी हवा असेल तर

अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर नको, असं बाबांना वाटत असेल तर ते शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येतं. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने कोण बोलणार, त्या जवळच्या माणसांची नावं त्यात घालायची. बाबा बोलू शकत नसतील आणि बरं होण्याची आशा नसेल तेव्हाच हा कागद लागू होतो. तेव्हाही दोन वैद्यकीय मंडळांनी सहमती द्यावी लागते. म्हणून त्याची एक प्रत घरात, एक डॉक्टरांकडे ठेवा.

घरीच मृत्यू आला तर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लागतं. ऐन रात्री अनोळखी डॉक्टर ते द्यायला सहसा तयार होत नाहीत. त्यामुळे फॅमिली डॉक्टरांना आजाराची पूर्ण कल्पना आधीच द्या, अधूनमधून घरी येऊन बाबांना पाहून जायला सांगा. रात्री वेळ आली तर कुणाला फोन करायचा, हे त्यांच्याशीच ठरवून तो नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा.